सार्वकालिक मोल आणि ऐहिक यश : ख्रिस्ती शिकवण नेमके काय सांगते

ख्रिस्ती कुटुंबांत उपकारस्तुतीची प्रार्थना बहुधा एखाद्या यशाच्या निमित्ताने होते. मुलाला नोकरी लागली, मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, घराचे कर्ज फिटले किंवा परदेशाचा व्हिसा आला, की पाळकांना बोलावले जाते, स्तोत्र वाचले जाते आणि देवाचे आभार मानले जातात. यात वावगे काहीच नाही, कारण प्रत्येक उत्तम देणगी वरून येते असे याकोबाच्या पत्रातच म्हटले आहे. मात्र पुढच्याच रविवारी पृथ्वीवर संपत्ती साठवू नका हे येशूचे वचन वाचले गेले, की ऐकणाऱ्याला पेच पडतो. ज्या गोष्टीबद्दल आपण मनापासून आभार मानले, तिलाच प्रभू कमी लेखतो आहे का? या पेचातून काही जण यशाबद्दल उगाच अपराधी वाटून घेतात, तर बरेच जण ते वचन उपासनेपुरते ठेवून आठवड्याचे सहा दिवस जगाच्याच मापाने जगतात. पवित्र शास्त्र या दोहोंपैकी काहीच सुचवत नाही. सार्वकालिक गोष्टींना पहिले स्थान देणे म्हणजे पृथ्वीवरच्या कामाचे मोल घटवणे नव्हे. आपण ते काम कोणासाठी करतो आणि त्याचा हिशेब शेवटी कोणाला देतो, हे त्यामुळे बदलते. हा लेख मुख्यतः एवढेच उलगडून सांगण्यासाठी आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू कसर, जंग आणि चोर या तिघांचा उल्लेख करतो, आणि त्यामागे त्या काळच्या गालीलातील घरांचे चित्र आहे. उंची वस्त्रे ही तेव्हा जपून ठेवण्याची आणि वारशाने देण्याची संपत्ती होती, आणि तिला कसर लागत असे. साठवलेल्या चीजवस्तूंची हळूहळू नासाडी होत असे. मातीच्या भिंतीला भोक पाडून चोर आत शिरत. म्हणजे येशू आधी श्रोत्यांच्या रोजच्या अनुभवाकडे बोट दाखवतो आणि मग पुढचे वाक्य बोलतो, की जेथे तुझे धन तेथे तुझे मन. आपल्याला सहसा असे वाटते की मन आधी ठरते आणि पैसा त्याच्या मागून जातो, पण येशू उलटा क्रम सांगतो. माणूस ज्यात आपले श्रम, वेळ आणि पैसा घालतो, त्याच्याकडे त्याचे मन ओढले जाते, मग तोंडाने तो काहीही म्हणो. हा मुद्दा मला या संपूर्ण विषयातला सर्वांत व्यावहारिक मुद्दा वाटतो, कारण तो भावनेवर न थांबता थेट दिनक्रमापर्यंत आणि बँकेच्या पासबुकापर्यंत पोहोचतो.

लूकच्या बाराव्या अध्यायातील श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला याच विचाराला पुढे नेतो, आणि तो कोणत्या प्रसंगी सांगितला गेला हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गर्दीतून एक माणूस येशूला म्हणतो, की माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. सातबाऱ्यावरील नावांवरून भावाभावांत पडलेली फूट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या माणसाची तळमळ परकी वाटणार नाही. येशू न्यायनिवाडा करण्यास नकार देतो आणि ज्याच्या शेतात अमाप पीक आले अशा एका माणसाची गोष्ट सांगतो. हा माणूस चोर नाही, आळशी नाही, त्याने कोणाची मजुरी बुडवल्याचाही उल्लेख नाही. कोठारे अपुरी पडली म्हणून मोठी बांधणे हा त्याचा निर्णय शेतीच्या दृष्टीने शहाणपणाचाच म्हणावा लागेल. तरीही देव त्याला मूर्ख म्हणतो, कारण त्याच रात्री त्याचा जीव मागितला जाणार असतो आणि साठवलेले सारे कोणाचे होणार हे त्याला ठाऊक नसते.

त्याची चूक नेमकी कोठे आहे, हे उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायातील योसेफाशी तुलना केली की स्पष्ट होते. योसेफानेही मिसर देशात धान्य साठवले, तेही सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढण्याची व्यवस्था लावून, आणि शास्त्र त्याला देवाच्या आत्म्याने भरलेला शहाणा माणूस म्हणते. दोघांचीही कोठारे भरली. पण योसेफाच्या कोठारांतून दुष्काळात लोकांना अन्न मिळाले, आणि दाखल्यातील शेतकरी मात्र सगळे बोलणे स्वतःशीच बोलतो, माझे पीक, माझी कोठारे, माझ्या जिवा, तू आराम कर, खा, पी. त्याच्या त्या संवादात देव नाही, शेजारी नाही, शेतात राबलेले मजूरही नाहीत. साठवण्यावर किंवा नियोजनावर येथे टीका नाही. ज्याच्या सगळ्या बेतांत स्वतःखेरीज दुसरे कोणीच नाही, अशा जगण्यावर आहे.

आता सार्वकालिक म्हणजे काय, याकडे वळू. अनेकांच्या मनात या शब्दाचा अर्थ मेल्यानंतरचा काळ असा रुजलेला असतो, आणि मग सार्वकालिक गोष्टींना मोल द्या म्हणजे मरणोत्तर सुखासाठी आजचे सुख सोडा, असा त्याचा हिशेब होतो. योहानाच्या सतराव्या अध्यायातील प्रार्थनेत येशू स्वतः सांगतो, की एकच खरा देव आणि त्याने पाठवलेला येशू ख्रिस्त यांना ओळखणे हेच सार्वकालिक जीवन आहे. ही ओळख मरणाची वाट पाहत नाही. ती आज सुरू होते आणि मरणही तिला तोडू शकत नाही. प्रेषित पौल करिंथ शहरातील मंडळीला, म्हणजे करिंथकरांस, लिहिताना विश्वास, आशा आणि प्रीती टिकतात असे म्हणतो आणि त्यांतही प्रीतीला श्रेष्ठ ठरवतो. देव टिकतो, त्याचे वचन टिकते, आणि त्याने ज्यांना पुनरुत्थानाचे अभिवचन दिले ती माणसे टिकतात. म्हणून माणसांशी केलेला प्रेमाचा व्यवहार हा सार्वकालिक गोष्टींच्या यादीत येतो, मग ते काम बाहेरून कितीही सामान्य दिसो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी ज्यांना नीतिमान ठरवले जाते ते लोक चकित होऊन विचारतात, की प्रभू, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिले आणि खायला केव्हा दिले? त्यांनी प्रतिफळाकडे डोळा ठेवून काही केले नव्हते, म्हणून तर त्यांना आठवतही नाही.

ख्रिस्ती आशा ही शरीरातून सुटलेल्या आत्म्याची नाही, पुनरुत्थानाची आहे, आणि याचा कामाच्या मोलाशी थेट संबंध आहे. पहिल्या करिंथकरांस पत्राचा पंधरावा अध्याय संपूर्णपणे पुनरुत्थानावर आहे, आणि एवढ्या उंच विषयानंतर पौल तो कसा संपवतो? तुमचे श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत हे जाणून कामात स्थिर राहा, असे सांगून. मेलेले उठणार असतील तर आज केलेले प्रामाणिक काम मातीत जात नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो दुसरी बाजूही सांगतो. येशू ख्रिस्त हा पाया आहे, त्यावर कोणी सोने, रुपे, मोलवान रत्ने घेऊन बांधतो, तर कोणी लाकूड, गवत, पेंढा घेऊन. आणि प्रत्येकाचे काम अग्नीने पारखले जाईल. ज्याचे काम जळेल तो स्वतः तारला जाईल, पण जणू आगीतून बाहेर पडलेल्या माणसासारखा. हा इशारा पौलाने व्यापाऱ्यांना किंवा राजांना दिलेला नाही, मंडळीत काम करणाऱ्यांना दिला आहे. भव्य मंदिर, मोठी गर्दी, नाव झालेला उपदेशक, या गोष्टीही ऐहिक यशाच्याच मोजपट्टीवर मोजल्या जाऊ शकतात, आणि त्यांतही पेंढा असू शकतो.

पौलाने स्वतःच्या आयुष्याचा हिशेब फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मांडला आहे. आठव्या दिवशी सुंता, बन्यामीन वंश, परूशी पंथ, नियमशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष वर्तन, अशी त्याच्या समाजात मानाची ठरलेली सगळी भांडवले तो एकेक करून मोजतो आणि ख्रिस्ताच्या ओळखीपुढे ती सारी हानी समजतो. तो हे तुरुंगातून लिहीत होता, म्हणून त्याला शब्दांची किंमत मोजून झालेली होती. तरीही ज्या गोष्टी त्याने हानी समजल्या, त्या वापरणे त्याने सोडले नाही. करिंथ येथे अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर त्याने तंबू बनवण्याचा धंदा केला, फटके मारले जाणार असताना रोमी नागरिकत्व पुढे केले, आणि आपला खटला कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, नेला. शिक्षण, कौशल्य आणि कायदेशीर हक्क यांना त्याने हत्यारे म्हणून हाताशी ठेवले, पण आपली ओळख त्यांच्यावर उभी केली नाही. त्याच पत्रातील एक वचन, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे, हे परीक्षेच्या काळात पुष्कळ घरांच्या भिंतींवर दिसते. त्याच्या आधीचे वाक्य सहसा लिहिलेले नसते. तेथे पौल सांगतो, की भरल्या पोटी राहणे आणि उपाशी राहणे, विपुलता आणि टंचाई, हे दोन्ही मी शिकलो आहे. ज्या सामर्थ्याची तो साक्ष देतो, ते हरल्यावरही न कोसळण्याचे सामर्थ्य आहे, आणि नापास झालेल्या मुलाला त्याची गरज उत्तीर्ण झालेल्यापेक्षा अधिक असते.

ही शिकवण एका माणसाच्या आयुष्यात कशी दिसते हे पाहायचे असेल, तर महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंपेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. त्यांचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने ते रमाबाईंना दिले. तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत हे कुटुंब देशभर पायी फिरत असे. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण दगावल्यावर रमाबाई आणि त्यांचे बंधू चालतच राहिले, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या तरुणीची विद्या पारखून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे बंधू वारले, बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह पतीच्या निधनाने १८८२ मध्ये संपला, आणि तान्ही मुलगी मनोरमा पदरी राहिली. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापला आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली.

म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांच्याकडे कीर्ती होती, विद्वत्ता होती, आणि पुण्यामुंबईच्या सुधारकांचा पाठिंबा होता. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या मानसन्मानाची जमीन तेथून सरकू लागली. अमेरिकेतील व्याख्यानांतून निधी उभारून त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. मुलींना त्या आपल्या ख्रिस्ती प्रार्थनेपासून अडवत नाहीत, यावरून वाद पेटला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात सर्व चूक एकाच बाजूची होती असे मी म्हणणार नाही, कारण धर्मांतराची भीती त्या काळच्या समाजाला किती खोल होती हे समजून घेतले पाहिजे. पण रमाबाईंपुढे निवड स्पष्ट होती. आपला विश्वास खोलीच्या आत झाकून ठेवला असता तर प्रतिष्ठा टिकली असती, आणि त्यांनी तो झाकला नाही.

त्यानंतर त्यांनी काय केले, ते या लेखाच्या मुद्द्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. जगाचा मान गेला म्हणून त्या जगापासून दूर गेल्या नाहीत. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने आणि दलालांच्या हाती सापडून उद्ध्वस्त होऊ घातलेल्या मुलींना घेऊन परतल्या, आणि दौंडजवळच्या केडगावला माळरानावर मुक्ती मिशन उभे केले. तेथे शेती होती, विहिरी खणल्या गेल्या, दुभती जनावरे पाळली गेली, हातमाग चालत, छापखाना चालत असे. अंध मुलींना ब्रेल शिकवली जाई. काही वर्षांत तेथे हजाराहून अधिक मुली आणि स्त्रिया राहू लागल्या. ज्या बाईची नजर अनंतकाळावर खिळली होती, तिने रोजच्या धान्याचा, कापडाचा आणि पाण्याचा हिशेब असा चोख ठेवला. केडगावी आलेल्या प्रत्येक मुलीवर देवाच्या प्रतिमेची मुद्रा आहे आणि म्हणून तिला वाचता आले पाहिजे, तिच्या हाताला काम मिळाले पाहिजे, या विश्वासातून ते काम वाढत गेले. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, म्हणजे कमी शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावे. सरकारने १९१९ मध्ये कैसर-ई-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या, १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि केडगावच्या छापखान्यात छापलेले ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आज पदकाची आठवण फार थोड्यांना आहे. मुक्ती मिशन चालू आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी वेगळ्या प्रकारे तेच केले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अहमदनगरला मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले, आणि १९१७ मध्ये पन्नाशी उलटलेली असताना पगाराची ती नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगण्याचे ठरवले. मराठी माणसाला हा मार्ग अनोळखी नव्हता. कर्जखते इंद्रायणीत सोडणाऱ्या तुकोबांची कथा टिळकांच्या मनात होती, आणि त्यांची ख्रिस्तगीते अभंगाच्याच वळणाची आहेत. मात्र सर्वांनी नोकरी सोडावी असा याचा अर्थ काढणे चूक ठरेल, आणि पत्नी लक्ष्मीबाईंसह घरातल्या माणसांना त्या निर्णयाचा भार उचलावा लागला हेही विसरता येत नाही.

येथे एका गैरवापराबद्दल बोलणे भाग आहे. स्वर्गात प्रतिफळ मिळेल, असे सांगून पृथ्वीवर अन्याय सोसणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी ही शिकवण वापरली गेली आहे, आणि ते शास्त्राच्या सरळ विरुद्ध आहे. शेतातील कापणीदारांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोहोचते, असे याकोब श्रीमंतांना सांगतो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केले, आणि त्या भागातील मंडळ्यांत पुढे मोठ्या संख्येने आलेली कुटुंबे ज्या जातींतून आली, त्यांना पिढ्यानपिढ्या पाटी-पेन्सिल नाकारली गेली होती. अशा घरातील पहिली पदवी, पहिली सरकारी नोकरी, पहिले पक्के घर यांना पाळकाने व्यासपीठावरून ऐहिक मोह म्हणावे, हे मला अन्यायाचे वाटते. ज्याच्याकडे कधी काही नव्हते त्याला त्यागाचा उपदेश करणे सोपे असते. दुसऱ्या टोकाला, पुरेसा विश्वास असेल तर आजार जाईल आणि धंदा वाढेल, असे शिकवणारेही आहेत. ते देवाला यशाचे साधन करतात, आणि एखाद्याचे मूल वारले किंवा दुकान बुडाले की त्याच्या दुःखावर अविश्वासाचा दोष आणखी लादतात.

मग रोजच्या जगण्यात हे कसे आणायचे? पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात श्रीमंतांसाठी थेट सूचना आहे, आणि संपत्ती टाकून द्या असे त्यात म्हटलेले नाही. अस्थिर धनावर आशा ठेवू नका, देवाने उपभोगासाठी सर्व काही विपुल दिले आहे हे ओळखा, चांगले करा, परोपकारी व दानशूर व्हा, असे तो सांगतो. म्हणून पगारवाढ झाल्यावर दान त्याच प्रमाणात वाढले का, हे पाहणे कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक खरे उत्तर देते. बदली किंवा बढती स्वीकारताना वेतनाबरोबरच तेथे मंडळीशी, आईवडिलांशी, मुलांशी संबंध कसा राहील हा प्रश्न कुटुंबाने एकत्र बसून विचारावा. टेबलाखालून पैसे दिल्याशिवाय काम होणार नाही असे कळल्यावर ते काम सोडून देण्याची तयारी आहे का, यावरून कोणते मोल वरचे हे कळते. आणि मुलांच्या बाबतीत, गुणपत्रिकेवर आपण जितके बोलतो, तितके त्यांच्या प्रामाणिकपणावर आणि दयाळूपणावर बोलतो का, हेही पाहावे. घरात कशाला मान आहे हे मुले आपल्या प्रार्थनांपेक्षा आपल्या चेहऱ्यावरून लवकर ओळखतात.

येशूने सर्वांना एकच आज्ञा दिली नाही, हे शुभवर्तमाने वाचताना जाणवते. मार्कच्या दहाव्या अध्यायातील धनवान माणसाला त्याने सर्व विकून गरिबांना द्यायला सांगितले, आणि तेथे येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली असे स्पष्ट लिहिले आहे. तो माणूस मात्र खिन्न होऊन निघून गेला. बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले. फिलिप्पै येथील लुदियेने जांभळ्या वस्त्रांचा व्यापार सोडल्याचे कोठेही म्हटलेले नाही, तिने आपले घर पौलासाठी उघडले आणि तेथे भाऊबंद जमू लागले. जकातदार जक्कयाला तर येशूने पैशाबद्दल काहीच सांगितले नाही, फक्त त्याच्या घरी मुक्काम मागितला. तेव्हा जक्कय स्वतःहून उभा राहिला आणि म्हणाला, की माझे अर्धे द्रव्य मी गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करतो. त्यावर येशूने उत्तर दिले, की आज या घराला तारण प्राप्त झाले आहे.